बीममध्ये तोडफोडीची खडी, राख, स्लॅग वापरायचं तर असं वापरा

जुनी बिल्डिंग पाडली की एका बाजूला काँक्रीटच्या राडारोड्याचा ढीग लागतो आणि त्याच प्लॉटवर दुसऱ्या बाजूला नव्या बीमसाठी डोंगर फोडून आणलेली खडी उतरत असते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता बघताना त्रास होतो. त्या ढिगात खडीच आहे हो, फक्त तिला जुना मसाला चिकटलेला आहे. मग लोक विचारतात ही खडी बीममध्ये चालते का, राख चालते का, काच, टायर, प्लॅस्टिक चालतं का. यातलं काही बिनधास्त चालतं, काही मोजूनमापून चालतं आणि काही बीमच्या आसपासही येऊ देऊ नये. कुठलं कशात बसतं हे कळायला बीम काम कसं करतो ते डोक्यात पक्कं हवं, म्हणून मिक्सचं प्रमाण नंतर देतो, आधी बीमबद्दल वाचा. सरळ प्रमाणावर उडी मारू नका.

बीममध्ये काँक्रीटचं काम काय

दोन टोकांना टेकलेला साधा बीम घ्या. वरून लोड आला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब झकास घेतं, ताण फारच कमी घेतं, म्हणून खाली सळ्या टाकतो. तळाला भेग पडली की तिथला ताण पूर्ण सळईवर जातो आणि तिथून पुढे वाकण्यापुरतं बघितलं तर बीमची ताकद सळई ठरवते, काँक्रीट नाही. हे ऐकायला साधं वाटतं पण आकडे टाकल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक हिशोब करूनच दाखवतो.

बीम १५० मिमी रुंद, २५० मिमी खोल, खाली १२ मिमीच्या दोन सळ्या, ५०० ग्रेडच्या. कव्हर, म्हणजे रिंगेबाहेरचं काँक्रीट, २५, रिंग (सळ्यांभोवतीची चौकट) ८ मिमीची, म्हणजे सळईच्या मध्यापर्यंतची खोली २११ मिमी. दोन सळ्यांचं क्षेत्रफळ २२६ चौरस मिमी, म्हणजे यील्डला (सळई कायमची ताणली जायला लागते तेव्हा) त्या साधारण ११३ किलोन्यूटन ताण घेतात. आता काँक्रीटची सिलिंडर ताकद (सिलिंडरच्या नमुन्यावर दाबून मोजलेली) २५ एमपीए, म्हणजे मेगापास्कल, धरली तर दाबाचा पट्टा वरून ३५ मिमी खोल येतो आणि बीमची मोमेंट ताकद, म्हणजे वाकणं सोसायची ताकद, २१.८ किलोन्यूटन मीटर निघते. समजा त्या ढिगातल्या, म्हणजे रिसायकल खडीमुळे काँक्रीटची ताकद २० टक्क्यांनी पडून २० एमपीए झाली, तर दाबाचा पट्टा ४४ मिमी होतो आणि मोमेंट ताकद येते २१.३. काँक्रीट २० टक्के कमजोर झालं आणि बीम जेमतेम २ टक्के. सळई कमी आणि काँक्रीट भरपूर असा बीम असेल, म्हणजे सळई आधी यील्ड होते असा, तर वाकण्यात रिसायकल खडीने फार बिघडत नाही ते यामुळेच.

पण इथेच लोक फसतात. वाकण्याची टेस्ट छान आली म्हणून खूश होतात आणि शिअर, म्हणजे बीमला सपोर्टजवळ कापू पाहणारं बल, विसरतात. सपोर्टजवळ तिरकी भेग पडते तेव्हा भेगेच्या दोन्ही बाजूच्या खडबडीत तोंडांनी एकमेकांना अडकून धरलेलं असतं, खडीचे दाणे बाहेर आलेले असतात ना, ते दात अडकवल्यासारखे बसतात. चांगल्या दगडाच्या खडीत भेग दाण्याला वळसा घालून जाते. रिसायकल खडीत ती चिकटलेल्या जुन्या मसाल्यातून सरळ कापत जाते, तोंड गुळगुळीत होतं आणि पकड कमी होते. शिअरमध्ये काँक्रीटचा वाटा थेट घटतो आणि शिअरने बीम जातो तेव्हा आधी सांगून जात नाही, एकदम जातो. म्हणून माझा नियम असा की रिसायकल खडीच्या बीममध्ये शिअरसाठी काँक्रीटचा वाटा हात आखडूनच धरायचा आणि रिंगा जवळ घ्यायच्या. थोडं स्टील जास्त जातं, जाऊ दे.

तिसरी गोष्ट डिफ्लेक्शन, म्हणजे बीमचा वाक. जुना मसाला मऊ असतो त्यामुळे काँक्रीटचा मोड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, पडतो, सगळी खडी रिसायकल घेतली तर १५ ते ४० टक्क्यांपर्यंत पडू शकतो. वरच्याच बीमचा हिशोब केला, मोड्युलस २५ गिगापास्कलवरून २५ टक्के खाली आणला, तर भेगा पडायच्या आधी बीम त्याच प्रमाणात ढिला होतो, पण भेगा पडल्यावरचं ताठपण फक्त ६ टक्के कमी होतं, कारण तिथे पण सळईच मोठं काम करते. म्हणजे पहिल्या दिवसाचा वाक फार वाढत नाही. वाढतो तो हळूहळू, वर्षानुवर्षांत, कारण क्रीप (कायमच्या लोडखाली हळूहळू दबत जाणं) आणि श्रिंकेज (वाळताना आक्रसणं) दोन्ही या काँक्रीटमध्ये जास्त असतात. लांब स्पॅनच्या बीममध्ये आणि कॅन्टिलिव्हरमध्ये (एकाच टोकाला धरलेल्या बीममध्ये) मी ही खडी वापरत नाही, त्याचं कारण हेच.

कुठलं मटेरियल आत, कुठलं बाहेर

राख आणि स्लॅग (धातूच्या भट्टीतला मळ) सगळ्यात आधी, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे. सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात तेव्हा दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, एक टन क्लिंकरमागे अर्धा टनाच्या वर, आणि वर भट्टीच्या इंधनाचा वेगळा. म्हणून सिमेंट कमी करणं हे खडी वाचवण्यापेक्षा मोठं काम आहे. कोळशाच्या वीजकेंद्रातली फ्लाय अॅश सिमेंटच्या १५ ते ३० टक्के जागी घाला, दाणे गोल असतात त्यामुळे माल सुळसुळीत होतो आणि पाणी कमी लागतं. सिमेंट पाण्याशी रिअ‍ॅक्ट झाल्यावर जो मोकळा चुना उरतो त्याच्याशी राखेतली सिलिका हळूहळू जुळते आणि तोच गोंद बनतो जो सिमेंट बनवतं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. ७ दिवसांची ताकद कमी दिसेल, घाबरू नका, पण शटरिंग काढायची घाईही करू नका. राख काळपट असेल तर त्यात न जळलेला कोळसा जास्त आहे असं समजा, तो अॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) पिऊन टाकतो, लॅबला लॉस ऑन इग्निशन (जाळल्यावर घटणारं वजन) विचारा, ५ टक्क्यांच्या आत हवा.

लोखंडाच्या भट्टीचा दळलेला स्लॅग, म्हणजे जीजीबीएस, त्याहून मोकळ्या हाताने वापरता येतो, ३० ते ५० टक्के सहज. भाताच्या तुसाची राखही चांगली आहे पण ती नीट ताब्यात ठेवलेल्या तापमानात, साधारण ७०० अंशांच्या आत जाळलेली आणि बारीक दळलेली हवी, शेतात ढीग पेटवून उरलेली राख नाही. जास्त तापली की सिलिका स्फटिक होते आणि मग ती नुसती पडून राहते, रिअ‍ॅक्ट होत नाही. नीट राख मिळाली तर १० टक्के घ्या, ती पाणी खूप पिते म्हणून सुपरप्लॅस्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यात माल पातळ ठेवणारं रसायन, लागतोच.

काच फक्त पावडर करून. जाडसर काच वाळूसारखी टाकली तर सिमेंटच्या अल्कलीशी रिअ‍ॅक्शन होऊन जेल बनतं, जेल पाणी ओढून फुगतं आणि काँक्रीट आतून फाटतं, आणि हे कळायला काही वर्षं जातात. तीच काच ७५ मायक्रॉनच्या खाली दळली तर उलट राखेसारखी वागते. म्हणजे पदार्थ एकच, फक्त दाण्याचा आकार बदलला की तोच शत्रू मित्र होतो.

टायरचा रबर चुरा बीममध्ये घालू नका. रबर पाण्याला दूर ढकलतो, सिमेंट त्याला धरत नाही, वर तो मऊ, म्हणून ताकद आणि मोड्युलस दोन्ही घसरतात. त्याची जागा धक्का खाणाऱ्या नॉन-स्ट्रक्चरल कामात. पण टायरमधून निघणारी स्टीलची तार, ती साफ करून फायबर म्हणून घातली तर सोनं आहे, भेगा बारीक राहतात आणि शिअरलाही हातभार लागतो. रबर चिकटलेली नको, आणि गुंता होऊन गोळे होतात म्हणून चालू मिक्सरमध्ये थोडी थोडी भुरभुरावी लागते. बाटल्यांच्या प्लॅस्टिकचे फायबर ओल्या काँक्रीटच्या सुरुवातीच्या बारीक भेगा कमी करतात एवढंच, सळईची बदली म्हणून कुणी सांगत असेल तर ऐकू नका, वर पेट प्लॅस्टिक काँक्रीटच्या अल्कलीत हळूहळू झिजतं.

विटांचा चुरा, मिक्स राडारोडा, बीमसाठी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बॉम्बने पडलेल्या शहरांतल्या विटा फोडून त्याचं काँक्रीट केलं होतं आणि त्यावर घरं उभी राहिली, त्यामुळे विटेत दम नाही असं नाही, पण वीट पाणी फार पिते आणि मोड्युलस फारच खाली नेते, ती पीसीसीत (सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये), भरावात जाऊ दे. स्टीलच्या भट्टीचा स्लॅग खडी म्हणून नको, त्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया असतो, नंतर फुगतो. कचरा जाळून उरलेली राख नको, त्यात क्लोराइड आणि अॅल्युमिनियमचे तुकडे येतात.

आणि जुनी सळई सरळ करून परत टाकायची नाही. एकदा वाकवून सरळ केलेली सळई तिथे कडक आणि ठिसूळ होते, गंजाने किती खाल्लीय हे वरून दिसत नाही. ती भंगारात द्या, वितळून नवी बनते, जगातली बरीच सळई अशा भंगारातूनच येते, म्हणजे रिसायकलिंग होतंच, फक्त भट्टीतून.

जुन्या काँक्रीटची खडी मिळवायची कशी

खडी चांगली निघणार की नाही हे क्रशरवर ठरत नाही, पाडतानाच ठरतं. आधी लाकूड, दारं, वायर, पाइप, फॉल्स सीलिंग, जिप्सम सगळं उतरवून घ्या, गिलावा जमेल तेवढा वेगळा करा, मग स्लॅब-कॉलम तोडा. जिप्समवर मी इतका का अडतो तर त्यात सल्फेट असतं, ते नव्या काँक्रीटमध्ये गेलं की आत स्फटिक वाढून काँक्रीट फुगतं. अॅल्युमिनियमचा तुकडा गेला तर तो ओल्या काँक्रीटच्या अल्कलीत हायड्रोजन सोडतो आणि फोड येतात. समुद्राजवळची किंवा रसायनांच्या कारखान्याची इमारत असेल तर क्लोराइडची टेस्ट केल्याशिवाय सळईच्या काँक्रीटमध्ये ती खडी अजिबात नाही.

क्रश करून २० मिमी ते ४.७५ मिमी एवढीच चाळून घ्या. खालचा बारीक चुरा बाजूला काढा, त्यात जुना मसालाच जास्त असतो, तो बीममध्ये नको. मग धुवा, धूळ जाईपर्यंत. एक घमेलं खडी बादलीभर पाण्यात टाकून बघा, लाकूड, थर्माकोल, प्लॅस्टिक वर तरंगतं, उरलेलं पसरून हाताने निवडा, तांदूळ निवडतात तसं. विटेचा लाल, डांबराचा काळा, जिप्समचा पांढरा मऊ, तिन्ही वेगळे ओळखू येतात, नखाने ओरखडा उठला तर ते जिप्सम. चांगल्या दाण्याला हातात घेतलं की एका बाजूला दगडाचं चकचकीत तोंड आणि दुसऱ्या बाजूला राखाडी खरखरीत मसाल्याची साल दिसते. पुढचे सगळे प्रॉब्लेम त्या सालीचेच आहेत.

पाणी, पाणी आणि पाणी

साधी खडी पाणी पिते अर्धा ते दोन टक्के. ही पिते ३ ते १०. माझा पहिला ट्रायल बीम मी कोरड्या रिसायकल खडीने केला होता, मिक्स डिझाइनचं पाणी तेवढंच टाकलं, मिक्सरमधून बाहेर आला तेव्हा स्लम्प (माल किती पातळ आहे याचं माप) ११० मिमी, बघून छान वाटलं, आणि शटरिंगपर्यंत नेऊन अर्धा बीम भरेस्तोवर माल असा आवळला की व्हायब्रेटरची सुई काढली तर भोक तसंच राहायला लागलं. मदतीला असलेल्याने बादलीने पाणी ओतलं, मीही थांबवलं नाही. शटरिंग उघडल्यावर खालच्या सळईशेजारी हनीकोम्ब, म्हणजे माल न पोहोचलेली भोकं, सळईची बाजू उघडी दिसत होती, टेस्टच्या क्यूबची ताकदही कमी आली. चूक सगळी माझी, खडी तहानलेली आहे हे मी मोजलं नव्हतं.

म्हणून मोजा. दोनेक किलो खडी २४ तास पाण्यात ठेवा, काढून जाड कापडावर लोळवून वरचं चकाकणारं पाणी टिपा, वजन घ्या. मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, परत वजन. समजा ओली २१२० ग्रॅम आणि कोरडी २०००, फरक १२०, भागिले २०००, म्हणजे ६ टक्के शोषण. प्रत्येक नव्या ढिगाला हे परत करायचं, कारण जुन्या इमारती सारख्या नसतात.

साइटवर सोपा मार्ग म्हणजे खडी आदल्या दिवशी भिजवायची, ढिगावर पाणी मारत राहायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि वापरायच्या तास-दोन तास आधी पाणी बंद करून निथळू द्यायची. आतून तुडुंब आणि वरून कोरडी ही अवस्था हवी. वरून पाणी गळतंय अशी खडी टाकली तर तेच पाणी मिक्समध्ये जादा होतं आणि दाण्याभोवतीचा सिमेंटचा थर पातळ होतो.

मिक्स

आता प्रमाण. हे सुरुवातीचं आहे, तुमच्या मटेरियलवर ट्रायल घेऊन बदलायचं. २५ ग्रेडच्या आसपासच्या काँक्रीटला, एक घनमीटरला, सिमेंट २९६ किलो, फ्लाय अॅश ७४, म्हणजे २० टक्के, मिळून ३७०. पाणी १७५ लिटर, म्हणजे पाण्याचा सिमेंट-राखेशी रेशो ०.४७. वाळू ७२३ किलो. नैसर्गिक खडी ८८४, रिसायकल खडी १९६. दोन्ही खड्या आणि वाळू आतून भरलेल्या, वरून कोरड्या धरून हे आकडे आहेत. सुपरप्लॅस्टिसायझर स्लम्प १०० मिमीच्या आसपास येईल तेवढा.

रिसायकल खडी १९६ च का, तर मी २० टक्के बदली घनफळाने केली, वजनाने नाही. ही खडी हलकी असते, विशिष्ट गुरुत्व २.४ च्या आसपास, साधीचं २.७, वजनाने बदलली तर जागा जास्त खाते आणि घनमीटरचा हिशोब चुकतो. आणि ती कोरडी टाकली असती तर ६ टक्क्यांनी जवळजवळ १२ लिटर पाणी प्यायली असती, १७५ मधले. सगळीच खडी रिसायकल असती तर ५९ लिटर. माझा पहिला बीम का आवळला ते यावरून कळेल.

२० टक्के हा आकडा मनाने नाही. भारताचं मानक आयएस ३८३, २०१६ चं, सळईच्या काँक्रीटमध्ये जाड रिसायकल खडी २० टक्क्यांपर्यंत आणि एम२५ ग्रेडपर्यंतच (क्यूबची ताकद २५ एमपीए) परवानगी देतं. ब्रिटिश बीएस ८५०० मध्येही २० टक्के आहे. युरोपचं ईएन २०६ स्वच्छ, चांगल्या प्रतीच्या खडीला सौम्य वातावरणात ३० टक्क्यांपर्यंत जाऊ देतं. जगभरच्या टेस्टमध्येही साधारण ३० टक्क्यांपर्यंत दाबाच्या ताकदीत फार फरक दिसत नाही, पुढे मात्र उतार लागतो. तुम्ही जिथे बांधताय तिथला कोड उघडून बघा, आणि खऱ्या इमारतीचा बीम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने सही केल्याशिवाय माल टाकू नका, त्याला हे सगळे आकडे द्या म्हणजे तो डिफ्लेक्शनला कमी मोड्युलस धरेल.

मिक्सरमध्ये टाकायचा क्रमही बदला. २००५ साली विव्हियन टॅम आणि सहकाऱ्यांनी दोन टप्प्यांत पाणी टाकायची पद्धत मांडली, ती फुकटातली सुधारणा आहे. आधी वाळू आणि खडी एक मिनिट फिरवा, मग अर्धं पाणी टाकून अजून एक मिनिट, मग सिमेंट आणि राख टाकून अर्धा मिनिट, मग उरलेलं पाणी आणि दोन मिनिटं. पहिल्या अर्ध्या पाण्यात सिमेंट पडलं की खडीच्या भोवती घट्ट पेस्ट बसते, जुन्या सालीतल्या बारीक भेगा आणि भोकं तिने बुजतात. सुपरप्लॅस्टिसायझर मी शेवटच्या पाण्यातून देतो. साइटवरच्या ड्रम मिक्सरवरही हे जमतं, फक्त एक माणूस घड्याळ घेऊन उभा करा.

सळई, भरणं, क्युरिंग

ट्रायलसाठी वरचाच बीम करा, २.३ मीटर लांब. खाली १२ च्या दोन, वर ८ किंवा १० च्या दोन, रिंगा ८ मिमीच्या १२५ मिमीवर, रिंगेचे हुक आत वळवलेले. खऱ्या कामात सळईचं लॅप (दोन सळ्या शेजारी घ्यायची लांबी) आणि अँकर (टोक काँक्रीटमध्ये रुतवायची लांबी) थोडं लांब ठेवा, कारण पकड थोडी कमी मिळते. कव्हर ५ मिमी वाढवा असं माझं मत आहे. हे काँक्रीट जास्त सच्छिद्र असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो, काँक्रीटचा पीएच १२-१३ वरून ९ च्या खाली आला की सळईवरचं संरक्षण जातं आणि गंज सुरू होतो. पण कव्हर वाढवलं की सळई वर सरकते, ते डिझाइनमध्ये धरायला विसरू नका.

या एका बीमला, तीन क्यूबना आणि तीन सिलिंडरना मिळून घनमीटरचा आठवा हिस्सा माल पुरतो, थोडा उरतोही. म्हणजे सिमेंट ३७ किलो, राख सव्वानऊ, पाणी २२ लिटरला जरा कमी, वाळू ९० किलो, खडी ११०, रिसायकल खडी साडेचोवीस. आणि याच मापाचा दुसरा बीम पूर्ण नैसर्गिक खडीचा, त्याच दिवशी, त्याच सिमेंटच्या गोणीतून. तुलनेला बीम नसेल तर तुमच्या टेस्टला काही अर्थ नाही, हे मी कितीही वेळा सांगेन.

दोन थरांत भरा, सुई प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबेपर्यंतच, जास्त घोटलं तर हलके दाणे वर येतात. दुसऱ्या दिवशी बाजूचं शटरिंग काढा, बीम २०० किलोच्या वर भरतो म्हणून उचलायचे हुक आधीच टाकून ठेवा आणि चार माणसांनी हाताने उचलायच्या भानगडीत पडू नका. राख आहे म्हणून क्युरिंग (ओलं ठेवणं) किमान १० दिवस, मी १४ करतो, गोणपाट सतत ओलं, सकाळी ओलं आणि दुपारी वाळलेलं असं नाही.

टेस्ट आणि काय बघायचं

२८ दिवसांनी टेस्ट करा, राख जास्त असेल तर एक जोडी ५६ दिवसांसाठी ठेवा. बीम २.१ मीटर स्पॅनवर ठेवा, दोन्ही सपोर्टपासून ७०० मिमीवर एकेक लोड, म्हणजे मधल्या तिसऱ्या भागात फक्त वाकणं राहतं, शिअर नाही. टेस्टच्या आधी बीमला चुन्याचा पातळ हात मारा, पांढऱ्यावर भेगा स्वच्छ दिसतात. मध्यभागी खाली वाक मोजायला डायल गेज. दोन्ही मिळून लोड सुरुवातीला २ किलोन्यूटनच्या पायऱ्यांनी, पहिली भेग दिसल्यावर ५ च्या. हिशोबाने पहिली भेग १२ ते १५ किलोन्यूटनला यावी आणि सळई ६० च्या आसपास यील्ड व्हावी. प्रत्येक भेगेचं टोक पेन्सिलने रेघ मारून लोडचा आकडा शेजारी लिहा, भेग वर चढत जाते तसे आकडे शिडीसारखे दिसायला लागतात.

मशीनवर फक्त शेवटचा आकडा बघून निघून जाऊ नका. दोन्ही बीम ६० च्या आसपासच जाणार, ते आधीच ठाऊक होतं. बघायचं ते ४० किलोन्यूटनवर, तिथे साध्या बीमचा वाक साधारण ५ मिमी असेल, २० टक्केवाल्याचा त्याच्या अगदी जवळ असायला हवा. रिसायकलवाल्यात पहिली भेग थोडी लवकर येते, भेगा जरा जास्त आणि जवळ जवळ पडतात. फरक खूप मोठा निघाला तर खडीचं शोषण, धुलाई आणि भिजवणं परत तपासा, मला बहुतेक वेळा चूक तिथेच सापडलीय. सपोर्टकडून लोडच्या दिशेने तिरकी भेग ठळक होत चालली तर लोड तिथेच थांबवा, गेजजवळ वाकलेला माणूस आधी बाजूला घ्या.

बीम मोडून झाल्यावर हातोड्याने भेगेचं तोंड उघडून बघा. दाणे कापले गेलेत की उपटून आलेत, जुनी साल दगडावरून सुटलीय की नवा मसाला सालीवरून सुटलाय, हे डोळ्यांनी दिसतं. नवा मसाला सुटला असेल तर धूळ राहिली होती किंवा खडी वरून ओली होती, म्हणजे पुढच्या वेळी धुणं आणि निथळणं नीट करायचं. जुनी सालच फुटली असेल तर मूळ काँक्रीटच कमजोर होतं, तो ढीग बीमसाठी घेऊ नका, पीसीसीला पाठवा, आणि दुसऱ्या इमारतीच्या ढिगाचं दोन किलोचं सँपल भिजत घाला.